नळीविना निदान : सोय आणि पुरावा

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतल्या एका मुलाने 'घरच्या घरी ॲसिडिटी तपासा' असा प्रयोग मांडला होता. एक चमचा लाळ, पीएच कागदाची पट्टी आणि रंगांचा तक्ता, एवढेच साहित्य. पट्टी पिवळसर झाली की 'तुम्हाला आम्लपित्त आहे'. मुलगा धीट होता, बोलणे नेमके होते. आम्ही त्याला बक्षीस दिले. परतीच्या एस.टी.त मात्र मला चुटपुट लागली. एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला होता : 'ही पट्टी खरे बोलते, हे तुला कसे कळले?'

हा प्रश्न केवळ त्या मुलासाठी नाही. आम्ल वर येण्याच्या आजाराचे निदान शरीरात काही न घालता करू पाहणाऱ्या प्रत्येक उपकरणाला तो विचारायला हवा.

आधी मोजायचे काय ते पाहू. जठरातील रसाचा पीएच उपाशीपोटी साधारण १ ते २ असतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी स्नायूंचे एक कडे असते. ते सैल पडले की हा रस वर येतो. थोडाफार तो निरोगी माणसातही येतो, विशेषतः जेवणानंतर. म्हणजे खरा प्रश्न 'येतो की नाही' हा नसून 'किती वेळ राहतो' हा आहे.

जॉन्सन आणि डीमीस्टर यांनी १९७४ साली यासाठी २४ तासांच्या मोजमापाची पद्धत मांडली. नाकातून बारीक नळी घालून तिचा संवेदक कड्याच्या ५ सेंटिमीटर वर ठेवतात आणि पीएच ४ च्या खाली किती वेळ होता ते नोंदवतात. ४ हाच आकडा का? पीएच त्याहून वर गेला की पेप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर फारसे काम करीत नाही. तज्ज्ञांच्या २०१८ च्या 'लिऑन' निकषांनुसार हा वेळ ६ टक्क्यांहून जास्त असेल तर आजार, ४ टक्क्यांहून कमी असेल तर नाही. मिनिटांत सांगायचे तर दिवसाकाठी सुमारे ८६ मिनिटांच्या वर आणि ५८ मिनिटांच्या खाली. मधला पट्टा संशयाचा. थोडक्यात, ज्या मापदंडाशी आपण बाकीच्या चाचण्या ताडून पाहतो, तोही पोलादी फूटपट्टीसारखा नाही.

शिवाय नाकात नळी असलेला माणूस त्या दिवशी नेहमीसारखा जेवत नाही, हिंडत-फिरत नाही. मोजण्याच्या कृतीनेच मोजमाप बदलते. अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटवायची बिनतारी कुपी आली, तेव्हा नाकातील नळी गेली आणि दोन ते चार दिवसांची नोंद मिळू लागली. पण कुपी बसवायला सहसा दुर्बीण आत घालावीच लागते. तेव्हा काहीही आत न घालता निदान व्हावे ही इच्छा अगदी रास्त आहे. माझी टीका इच्छेवर नाही, पुराव्याच्या घाईवर आहे.

पीएच पट्टीचे काय चुकले? लाळेत बायकार्बोनेट असते. ते आम्लाला निष्प्रभ करते. वर आलेले आम्ल धुऊन काढणे हे तर लाळेचे कामच आहे. लाळेचा पीएच खाण्याने, दात घासण्याने, लाळ सुटण्याच्या वेगानेही बदलतो. म्हणजे पट्टीने काहीतरी मोजले हे खरे, पण ते जठराबद्दल नव्हे.

या मानाने लाळेत पेप्सिन शोधण्याची कल्पना खूपच सरस आहे. पेप्सिन जठरातच तयार होते. ते लाळेत सापडले तर जठरातील रस घशापर्यंत आला असला पाहिजे, हा तर्क सरळ आहे. गरोदरपणाच्या चाचणीसारखी प्रतिपिंडांची पट्टी वापरून ब्रिटनमध्ये अशी चाचणी तयार झाली. तिच्यावरील एक महत्त्वाचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात संवेदनशीलता, म्हणजे आजारी माणसाला आजारी म्हणण्याचे प्रमाण, ७८.६ टक्के होते. आणि निरोग्याला निरोगी म्हणण्याचे प्रमाण ६४.९ टक्के. काहीही त्रास नसलेल्यांपैकीही सुमारे एक तृतीयांश लोकांच्या लाळेत पेप्सिन सापडले.

आता हे आकडे फळ्यावर मांडून पाहू. समजा, १००० जणांची चाचणी केली आणि त्यांतील २०० जणांना खरोखर आजार आहे. त्या २०० पैकी १५७ जणांची पट्टी 'आहे' म्हणेल. उरलेल्या ८०० निरोग्यांपैकी २८१ जणांनाही ती 'आहे' म्हणेल. एकूण ४३८ जणांना आजार सांगितला गेला, पण त्यांतील खरे आजारी फक्त ३६ टक्के! हीच पट्टी एखाद्या तज्ज्ञाच्या दवाखान्यात वापरली, जिथे निम्मे लोक आजारी आहेत, तर हे प्रमाण ६९ टक्क्यांवर जाते. पट्टी तीच, माणसे वेगळी. म्हणून 'चाचणी किती अचूक' या प्रश्नाचे उत्तर 'कोणावर वापरली' हे सांगितल्याशिवाय अपुरे राहते.

त्याच अभ्यासात पेप्सिनचा उंबरठा बराच वर नेला तेव्हा निरोग्याला ओळखण्याचे प्रमाण सुमारे ९८ टक्क्यांवर गेले. हा या चाचणीचा खरा गुण आहे आणि तो मान्य करायला हवा. पण उंबरठा वर नेला की कमी पेप्सिन असलेले रुग्ण निसटतात. दोन्ही गोष्टी एकदम पदरात पडत नाहीत.

आणखी एक तुलना क्वचितच केली जाते. डॉक्टर आम्लनिर्मिती कमी करणारे औषध काही दिवस देऊन पाहतात. जळजळ थांबली तर निदान बरोबर असे धरतात. हीही नळीविना चाचणीच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात तिचे वरील दोन आकडे ७८ आणि ५४ टक्के आले. अभ्यासांतील माणसे वेगवेगळी असल्याने हे आकडे शेजारी ठेवून निकाल देता येत नाही. पण नव्या उपकरणाने नुसत्या नळीशी नव्हे, तर गावातल्या डॉक्टरच्या या साध्या पद्धतीशीही स्पर्धा करायची आहे, हे विसरून कसे चालेल?

'त्यात काय बिघडले? टोचणे नाही, नळी नाही,' असे कोणी म्हणेल. बिघडते ते उत्तर चुकल्यावर. खोट्या 'आहे'मुळे निरोगी माणूस वर्षानुवर्षे गोळ्या घेतो. त्याहून गंभीर म्हणजे छातीतली जळजळ हृदयविकाराचीही असू शकते. घरच्या पट्टीने 'ॲसिडिटी' म्हटले म्हणून कोणी दवाखान्यात जायचे टाळले, तर ती पट्टी निरुपद्रवी राहिली नाही. गिळताना अडकणे, वजन घटणे, काळी शौचास होणे ही लक्षणे असतील तर दुर्बिणीची तपासणी टाळण्यासाठी कुठलीच पट्टी पुरेशी नाही.

तो मुलगा आज भेटला तर मी त्याचे बक्षीस परत मागणार नाही. त्याला एक वही देईन. वर्गातल्या वीस जणांची लाळ सकाळी उठल्यावर, दात घासल्यावर, जेवणाआधी आणि जेवणानंतर तपास म्हणेन. रंग वाचणाऱ्याला नमुना कोणाचा ते कळू देऊ नको. एकाच मुलाचे आकडे दिवसभरात किती बदलतात ते लिही. त्यानंतर त्याने 'माझ्या पट्टीवरून आम्लपित्त ओळखता येत नाही' असा तक्ता प्रदर्शनात लावला, तर परीक्षक म्हणून मी त्याला पहिल्यापेक्षा जास्त गुण देईन. शिक्षकांनीही द्यावेत, ही विनंती.