पिकोलाच्या आधी पॉलीन

टोनी मॉरिसनच्या 'द ब्लूएस्ट आय' (1970) या कादंबरीचा विषय निघाला की आपण थेट पिकोलाला हव्या असलेल्या निळ्या डोळ्यांवर येतो. मला वाटतं, कादंबरी उलगडते ती तिच्या आईच्या, पॉलीनच्या प्रकरणात.

साधारण 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीयांनी अमेरिकेची दक्षिण सोडली. पॉलीन आणि चॉली केंटकीहून ओहायोतल्या लोरेनला येतात, ते तिथल्या पोलाद कारखान्यांमुळे. मॉरिसनचा जन्मही याच गावात, दक्षिणेतून आलेल्या घरात झाला.

पण कादंबरी कारखान्यात फारशी शिरत नाही. ती थांबते घरात, एकट्या पॉलीनपाशी. गोरे परकेच, पण इथल्या काळ्या बायकाही तिच्या बोलण्याला, केसांना हसतात. मग ती सिनेमा गाठते. जीन हार्लोसारखे केस करून बसलेली असताना खाऊ चावते आणि पुढचा दातच निखळतो.

सौंदर्याची ही पडद्यावरची मोजपट्टी घेऊनच ती नवजात पिकोलाकडे पाहते आणि तिला कुरूप ठरवते. पुढे गोऱ्यांच्या घरी कामाला लागल्यावर तिला लाडाचं नाव मिळतं. पोटची मुलगी मात्र तिला 'मिसेस ब्रीडलव्ह' म्हणते.

नोकरीसाठी मीही शहर बदललं, पण पॉलीनचं एकटेपण मी माझं म्हणणार नाही. त्यात वर्णद्वेष मुरलेला आहे. एवढं मात्र कळलं: स्थलांतराचा हिशोब आपण पगारात मांडतो, मॉरिसन तो मुलीच्या वाट्याला काय आलं त्यावर मांडते.