कार्व्हरचे पुनर्लेखन

अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यास पुनर्लेखनाची मनस्वी आवड; एकेका कथेचे वीस-तीस खर्डेही तो करी. तथापि १९८० मध्ये संपादक गॉर्डन लिश याने त्याच्या कथासंग्रहातील निम्म्याहून अधिक मजकूर छाटला, तेव्हा त्याने छपाईच थांबविण्याची विनवणी केली. १९८१ साली संग्रह निघालाच. त्यातील 'द बाथ' ही कथा दूरध्वनीवरील आवाजापाशी तुटते. १९८३ च्या 'कथीड्रल'मध्ये तीच, मूळ नावाने, मुलाच्या मृत्यूपलीकडे जाऊन बेकरीवाल्याच्या ऊन पावापर्यंत पोहोचते. लिशची छाटणी कलादृष्ट्या हीन नव्हती (पुष्कळांना तीच अधिक भावते). परंतु लेखकाचा खोडण्यातील आनंद खोडलेले परत घेण्याच्या अधिकारावरच उभा असतो. उरलेले बहुतेक मूळ खर्डे कार्व्हरच्या निधनानंतर, २००९ मध्ये, 'बिगिनर्स' या नावाने ग्रंथरूप झाले.