पेप्टाइडांचा संग्रह व परम्याचा जंतू

शरीर स्वसंरक्षणार्थ जी लहान प्रथिने निर्माण करते, त्यांत जंतुनाशक पेप्टाइडांची गणना होते. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेचा अशा पेप्टाइडांचा 'कॅम्प' हा संग्रह २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ३७८२ अनुक्रम होते. पैकी २७६६ प्रयोगसिद्ध, तर १०१६ केवळ अनुमानित. हा भेद स्पष्ट राखला, हा संग्रहाचा मोठा गुण होय.

मात्र प्रयोगसिद्ध म्हणजे रोगनिवारक नव्हे. एलएल-३७ हे पेप्टाइड मानवी श्लेष्मल त्वचेतच आढळते, आणि परम्याचा जंतू तेथेच वाढतो. 'एमटीआर' नामक उत्सारक यंत्रणेच्या योगे तो हे पेप्टाइड बाहेर टाकतो, असे १९९८ साली दिसून आले. हीच यंत्रणा पेनिसिलिनलाही प्रतिकार करते. पेप्टाइडाच्या शक्तीबरोबर अशा प्रतिकाराचाही विचार झाला, तरच निवड विश्वसनीय ठरेल.

पाथरीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी दुसरी अडचण उभी राहते. राष्ट्रीय कार्यक्रमात गुप्तरोगांवर मुख्यतः लक्षणांवरून उपचार होतात. परंतु परमा झालेल्या पुष्कळ स्त्रियांना लक्षणेच जाणवत नाहीत. उपचाराविना राहिलेला हा रोग वंध्यत्वास कारण होऊ शकतो. सबब नव्या औषधाच्या शोधास स्वस्त निदानपरीक्षेची जोड मिळणे अगत्याचे आहे.