बोगदा की नेफा? एका स्फटिकरचनेच्या वर्णनभाषेचा विचार

ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीच्या सेलोबायोहायड्रोलेझ-१ या विकराची स्फटिकरचना क्रिस्टिना दिव्ने व त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. जीवरसायनाच्या दृष्टीने तिचे मोल जाणकारांनी केव्हाच ठरविले आहे. तो प्रस्तुत लेखकाचा अधिकार नव्हे. येथे विचार करावयाचा आहे तो त्या वर्णनात मध्यवर्ती ठरलेल्या एका शब्दाचा. तो शब्द म्हणजे ‘बोगदा’.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ही बुरशी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॉलोमन बेटांवर कुजणाऱ्या सुती कापडातून मिळाली. सुताचे मुख्य द्रव्य सेल्युलोज. ग्लुकोजची एकके ओवून झालेल्या त्याच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की, ते पाण्यात विरत नाही आणि सहजी तुटतही नाही. प्रस्तुत विकर अशा साखळीचे टोक धरून दोन-दोन एककांचे तुकडे पाडीत जाते. १.८ अँगस्ट्रॉमपर्यंत काढलेल्या या रचनेत प्रथिनाचे दोन पत्रवत् थर समोरासमोर दिसतात. आणि त्यांना जोडणारी वळणे वर झुकून ४० अँगस्ट्रॉम लांबीचा एक झाकलेला मार्ग सिद्ध करतात. हाच तो बोगदा.

या मार्गावरून विकराच्या घन सेल्युलोजवरील वर्तनाचा उलगडा होऊ शकेल, असे मूळ लेखकांनी म्हटले आहे. येथील क्रियापद शक्यता दर्शविणारे आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर हा विध्यर्थ होय. पुढील पाठ्यग्रंथांतून व व्याख्यानांतून मात्र त्याचा स्वार्थ होतो: बोगदा आहे, म्हणून साखळी त्यातून सरकते. वास्तविक स्फटिकातील रेणू आपल्या जागी बांधलेला असतो. क्ष-किरणांनी मिळते ते नाम, क्रियापद नव्हे. ते क्रियापद पुढे स्वतंत्र पुराव्याने मिळाले. २०११ साली कियोहिको इगाराशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शीघ्रगती अणुबल-सूक्ष्मदर्शकाने हे रेणू सेल्युलोजच्या पृष्ठावर एकाच दिशेने सरकताना, इतकेच नव्हे तर वाटेत अडून एकामागे एक खोळंबताना दाखविले. अनुमान खरे ठरले, हे निर्विवाद. परंतु खरे ठरलेले अनुमान आरंभापासूनच प्रमाण होते, असे म्हणणे तर्कदुष्ट होय.

असाच लोप एका विशेषणाचाही झाला आहे. १९९४ची रचना संपूर्ण विकराची नसून त्याच्या ‘उत्प्रेरक गाभ्या’ची आहे, मूळ लेखाच्या शीर्षकातच तसे म्हटले आहे. सेल्युलोजला चिकटून राहणारा सुमारे ३६ ॲमिनो आम्लांचा लहान भाग आणि त्यास गाभ्याशी जोडणारा लवचीक दुवा या चित्रात नाहीत. तरीही वर्गात आकृती दाखविताना ‘हे विकर पहा’ असे आपण सर्रास म्हणतो, आणि विद्यार्थी अंशालाच पूर्ण समजतो.

आता मूळ शब्दाकडे वळू. बोगदा म्हटले की आपल्यासमोर घाटातला खडक उभा राहतो. खडक अचल, मार्ग कोरलेला, आणि जाणारी गाडी मात्र चल. येथे तिन्ही गोष्टी उलट आहेत. साखळी घन पृष्ठात रुतलेली असून चालते ते विकर. मार्ग कोरलेला नाही, वळणे झुकून झालेला आहे. आणि ही वळणे खडकासारखी ताठही नाहीत. हे विकर कधी कधी टोक सोडून साखळीच्या मध्येच कामास आरंभ करते, असे जैवरासायनिक प्रयोग दाखवितात. डोंगराच्या पोटात गाडी मधूनच कशी शिरावी? त्याच बुरशीच्या एंडोग्लुकनेझ-१ या विकराची रचना १९९७ साली प्रसिद्ध झाली. तिची घडण याच धर्तीची. पण वळणे आखूड, म्हणून मार्ग उघड्या खाचेसारखा. बोगदा आणि खाच हे शब्द दोन जाती सुचवितात. प्रत्यक्षात भेद झाकणाच्या कमी-अधिकपणाचा आहे.

यासाठी मराठीने परक्या प्रतिमेचे केवळ भाषांतर का करावे? घरोघरी ठाऊक असलेला ‘नेफा’ हा शब्द अधिक जवळचा आहे. नेफा कापड दुमडून होतो, कोरून नव्हे. त्याची शिवण उसवली तर नाडी मधूनही आत घालता येते. आणि नाडी धरून ठेवली तर नेफाच तिच्यावरून सरकतो. अर्थात नेफा नाडीचे तुकडे करीत नाही. ही उपमेची मर्यादा मान्य केलीच पाहिजे. शिवाय ‘बोगदा’ हा शब्द परिभाषेत आता स्थिरावला आहे, आणि तो उपटून काढावा असा आमचा आग्रह नाही.

आग्रह आहे तो इतकाच की, पारिभाषिक शब्द योजताना त्याने कोणते प्रश्न विचारू दिले आणि कोणते मिटविले, हे अध्यापकाने तपासावे. ज्या विद्यार्थ्याने बोगदाच पाहिला, त्याला झाकण उघडते कसे हा प्रश्न सुचण्याचे कारण उरत नाही. आणि या विकराविषयीच्या संशोधनात तो प्रश्न गौण नाही.