आय. पी. पत्त्यांची साठवण : रिलेशनल डेटाबेसमधील प्रचलित पद्धतींची चिकित्सा

आय. पी. पत्ता डेटाबेसमध्ये अक्षररूपात ठेवावा की संख्यारूपात, हा प्रश्न वरवर जागेच्या काटकसरीचा वाटतो. वस्तुतः तो अर्थाच्या अचूकतेचा आहे.

१९८१ मध्ये निश्चित झालेल्या आवृत्ती ४ नुसार पत्ता ही ३२ बिटांची एक संख्या होय. ठिपक्यांनी विभागलेले चार अंकगट ही केवळ वाचकाच्या सोयीची मांडणी. अक्षररूपास १५ वर्णांपर्यंत जागा लागते, तर संख्येस ४ बाइट पुरतात. तथापि अक्षररूपाचा खरा दोष क्रमाचा आहे. वर्णक्रमानुसार १०.०.०.१० हा पत्ता १०.०.०.९ च्या आधी येतो. परिणामी दोन पत्त्यांच्या दरम्यानचा शोध विश्वसनीय राहत नाही. १९२.१६८.१.१० हा पत्ता ३२३२२३५७८६ या संख्येने साठविल्यास क्रम टिकतो व इंडेक्सचाही उपयोग होतो.

मात्र संख्यारूपाचा सरसकट पुरस्कारही चिकित्सेस उतरत नाही. मायएसक्यूएलमध्ये चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल मर्यादा २१४७४८३६४७, म्हणजेच १२७.२५५.२५५.२५५ हा पत्ता होय. स्तंभ चिन्हरहित घोषित केला नाही आणि कडक तपासणी बंद असली, तर त्यापुढील प्रत्येक पत्ता याच मर्यादेवर छाटला जातो. भिन्न संगणकांच्या नोंदी एकरूप होतात आणि गैरवापराच्या चौकशीत पुरावाच नष्ट होतो. बाइटांची ही बचत येथे महाग पडते.

दुसरी मर्यादा आवृत्ती ६ ची. तिचा पत्ता १२८ बिटांचा असल्याने चार बाइटांचा स्तंभ निरुपयोगी ठरतो. अक्षररूपही तेथे अपुरे पडते. कारण ‘::१’ व ‘०:०:०:०:०:०:०:१’ हा एकच पत्ता असूनही अक्षरतुलनेत ते भिन्न ठरतात. मायएसक्यूएलमध्ये यासाठी १६ बाइटांचा द्विमान स्तंभ वापरता येतो.

पोस्टग्रेएसक्यूएलमधील ‘इनेट’ हा स्वतंत्र डेटा-प्रकार आवृत्ती ४ साठी ७ व आवृत्ती ६ साठी १९ बाइट घेतो. जागा अधिक लागते. परंतु अवैध पत्ता नाकारणे, जाळ्याची व्याप्ती जपणे आणि पत्ता विशिष्ट जाळ्यात मोडतो काय हे तपासणे, ही कामे डेटाबेसच करतो. १९७० मध्ये कॉड यांनी मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानातील ‘डोमेन’ या संकल्पनेशी हाच मार्ग सुसंगत आहे.

सारांश, स्वतंत्र प्रकार उपलब्ध असेल तेथे तोच स्वीकारार्ह. नसेल तेथे योग्य मर्यादेचे संख्यारूप वा द्विमान रूप. अध्यापनातही बाइटांच्या हिशेबाआधी मूल्याचा अर्थ शिकविला जाणे अगत्याचे ठरते.