निवड आणि संहितेचे स्मरण : ‘मास इफेक्ट’च्या उत्तरभागांचा वाद

१

वाचकाला सहनिर्माता म्हणण्याची प्रथा मराठी समीक्षेत आता बरीच रुळली आहे. रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, इझर आणि याउस यांनी वाचनक्रियेची चिकित्सा केली, आणि त्या विचारांचे पडसाद आपल्याकडेही उमटले. परंतु या साऱ्या चर्चेत ‘सहनिर्माता’ हा शब्द रूपक म्हणूनच वापरला गेला. वाचकाने वा प्रेक्षकाने अर्थाची कितीही नवी दालने उघडली, तरी ‘एकच प्याला’तील सिंधूचे मरण टळत नाही. तिच्या मरणाचा अर्थ बदलतो. मरण बदलत नाही.

संगणकावरील ॲक्शन रोल-प्लेइंग गेम या प्रकारात मात्र हे रूपक शब्दशः खरे होते. खेळणाऱ्याने एक भूमिका स्वीकारायची, तिचे गुण आणि सामर्थ्य वाढवत न्यायचे, लढाई हाताच्या चपळाईने लढायची आणि मधल्या संवादांत निर्णय घ्यायचे, असे या प्रकाराचे साधारण स्वरूप आहे. कोण जगणार, कोणाशी वैर होणार, हे पुष्कळदा त्या निर्णयांवर ठरते. कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेची ‘मास इफेक्ट’ ही त्रिखंडात्मक कृती (२००७, २०१० आणि २०१२) या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. एका भागात घेतलेल्या निर्णयांची नोंद पुढच्या भागात नेण्याची सोय तिने केली आणि शेपर्ड या नायकाची (खेळणाऱ्याने ठरवल्यास नायिकेची) एकच कथा तीन खंडांत चालवली.

या कृतीवरून दोन वाद झाले. पहिला दुसऱ्या भागातील रचनाबदलांविषयी, दुसरा तिसऱ्या भागाच्या शेवटाविषयी. पहिला तांत्रिक आणि दुसरा भावनिक, असे मानून ते वेगवेगळे चर्चिले गेले. निवडीचे मूल्य पर्यायांच्या संख्येवर अवलंबून असते की संहिता ती निवड कशी स्मरणात ठेवते यावर, हा एकच प्रश्न दोन्ही वादांच्या मुळाशी आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

२

पहिल्या भागात शस्त्रांना गोळ्या मोजाव्या लागत नसत. ती तापत आणि थंड व्हावी लागत. सोबतची पोतडी शंभरावर वस्तूंनी भरून जाई. ‘मॅको’ नावाच्या वाहनातून ओसाड ग्रहांवर हिंडता येई. दुसऱ्या भागात पोतडी गेली, कौशल्यांची यादी आखूड झाली, शस्त्रांना गोळ्यांसारखीच मोजकी खर्चाची सामग्री लागू लागली, आणि मॅकोतील भटकंतीच्या जागी ग्रहांचे दुरून निरीक्षण करून खनिजे शोधण्याचे कंटाळवाणे काम आले. या प्रकाराचा प्राणच गेला, असे जुन्या रसिकांचे म्हणणे होते. जे गेले ती निव्वळ हिशेबनीसी होती, असे समर्थकांचे उत्तर होते.

या वादात ‘निवड’ हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी वापरला गेला. दोन बंदुकांतील अधिक परिणामकारक कोणती, हे ठरवणे ही उपयुक्ततेची निवड होय. तिला बरोबर उत्तर असते आणि ते आकडेमोडीने सापडते. शरण आलेल्या शत्रूला मारावे की सोडावे, ही बांधिलकीची निवड होय. तिचे उत्तर आकडेमोडीतून निघत नाही. निवडणारा कोण आहे, हे तिच्यातून ठरते. पोतडीतील शंभर वस्तू पहिल्या प्रकारच्या निवडी वाढवतात, दुसऱ्या प्रकारची एकही वाढवत नाहीत.

पर्याय पुष्कळ असणे म्हणजे स्वातंत्र्य असणे नव्हे, ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पेरणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर कृषी केंद्रांच्या फळ्यांवर संकरित वाणांची नावे वाढत गेली; पाकिटांवरची चित्रे निरनिराळी झाली. आत बहुतेक ठिकाणी बीटीची तीच ती जनुके होती. गुलाबी बोंडअळी त्यांना सरावली तेव्हा पाकिटावरचे नाव पाहून ती थबकली नाही. पर्यायांची रेलचेल आणि निर्णयाची शक्ती या दोन गोष्टी वेगळ्या असतात, एवढाच येथे मुद्दा.

तरीही दुसऱ्या भागाचे समर्थन सरसकट करता येत नाही. पहिल्या भागात समजावण्याची आणि धमकावण्याची कौशल्ये गुण खर्चून मिळवावी लागत. वाक्चातुर्याची किंमत युद्धसामर्थ्यात मोजावी लागे, आणि त्यामुळे बोलण्याला वजन येई. दुसऱ्या भागाने ही कौशल्ये काढून टाकली आणि मन वळवण्याची क्षमता सौम्य व कठोर अशा दोन गुणसंख्यांना जोडली. परिणामी प्रत्येक प्रसंगाचा स्वतंत्र विचार करणारा खेळाडू दोन्हीकडून मागे पडतो आणि डोळे मिटून एकाच बाजूने बोलणारा पुढे जातो. बांधिलकीच्या निवडीलाच येथे आकडेमोडीचे रूप दिले गेले. पोतडीच्या जाण्याबद्दल झालेल्या गदारोळात या अधिक गंभीर बदलाकडे व्हावे तेवढे लक्ष गेले नाही.

३

दुसऱ्या भागाचे यश त्याच्या अंतिम मोहिमेत आहे. आपण एकेक करून जमवलेले सहकारी, त्यांच्या खासगी दुःखांत आपण घातलेले अथवा न घातलेले लक्ष, आणि ऐन प्रसंगी कोणावर कोणते काम सोपवले, या तिन्हींवर कोण परत येणार हे ठरते. एक उदाहरण पुरेसे आहे. शेवटच्या लढाईला खेळणारा साहजिकच सर्वांत बलवान दोघांना बरोबर नेतो. मागे शत्रूला थोपवून धरणाऱ्या तुकडीचे बळ त्यामुळे घटते. ते पुरेसे नसेल, तर मॉर्डिन हा वृद्ध शास्त्रज्ञ पहिला बळी ठरतो. त्याला मारण्याचा पर्याय कोठेही पुढे आलेला नसतो. आपण दुसरेच काहीतरी निवडलेले असते आणि त्याची किंमत तो देतो.

या क्षणी होणाऱ्या भावनेला रसव्यवस्थेत स्थान कोणते? भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या सिद्धान्तानुसार रसिकाला येणारा प्रत्यय माझा, शत्रूचा वा तटस्थाचा अशा व्यक्तिसंबंधांतून मुक्त झालेला असतो. सिंधूच्या मरणाने प्रेक्षक कळवळतो, पण ते मरण त्याच्या माथी येत नाही. म्हणूनच त्या कळवळ्याचा आस्वाद शक्य होतो. मॉर्डिनच्या मरणाबाबत हा सुटकेचा मार्ग बंद आहे. ‘हे माझ्यामुळे झाले’ हा प्रत्यय व्यक्तिसंबंधातून सुटत नाही. तो व्यक्तिसंबंधानेच घडलेला असतो. त्याला करुण म्हणता येणार नाही. अनुताप म्हणावे लागेल. कादंबरी अनुतापाचे चित्रण करू शकते, पण घडलेल्या घटनेचा अनुताप वाचकाला देऊ शकत नाही.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त कलेची संकल्पना द्विध्रुवात्मक मानली आणि अलौकिकतावाद व लौकिकतावाद असे दोन ध्रुव दाखवले. येथे खेळणारा कल्पित जगात असतो. त्याच्या निर्णयाने प्रत्यक्ष कोणी मरत नाही. तरी निर्णय खरोखर त्याचाच असतो. घटना अलौकिक आणि जबाबदारी लौकिक, असा हा चमत्कारिक मेळ आहे. मार्गदर्शिका हाताशी ठेवून सर्वांना वाचवणारा खेळाडू हा मेळ मोडतो, असा आक्षेप घेता येईल. तो खराही आहे. उत्तर आधी पाहिले की बांधिलकीची निवड पुन्हा उपयुक्ततेची होते. मात्र ही मर्यादा त्या खेळण्याच्या रीतीची आहे, संहितेची नव्हे.

४

अनुताप टिकण्यासाठी एक अट आहे. झालेली गोष्ट संहितेने विसरता कामा नये. शेपर्ड स्वतःच त्या मोहिमेत मेला, तर ती नोंद तिसऱ्या भागात आणताच येत नाही. दुसऱ्या भागाने स्मरणाची अट येथवर पाळली. तिसऱ्या भागाने ती अनेक जागी मोडली. पहिल्या भागात रॅक्नाय या प्रजातीच्या अखेरच्या राणीला जगवायचे की संपवायचे, हा मोठा नैतिक पेच होता. तिला संपवले असेल, तर तिसऱ्या भागात शत्रूने घडवलेली दुसरी राणी तिची जागा घेते आणि प्रसंग जवळजवळ तसाच घडतो. परिषदेवर मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून अँडरसनला निवडले असले, तरी तिसऱ्या भागात त्या आसनावर उडीनाच बसलेला असतो. उरलेल्या निर्णयांतील बरेच ‘युद्धसामग्री’ या शीर्षकाखाली आकड्यांत रूपांतरित होतात, त्यांची बेरीज होते आणि शेवटी कोणते पर्याय मिळणार हे त्या बेरजेवर ठरते. दुसऱ्या भागाच्या अंतिम मोहिमेतही आकडे होतेच; पण ते पडद्याआड होते आणि त्यांचा परिणाम एका ओळखीच्या चेहऱ्यावर दिसे. तिसऱ्या भागात चेहरे गेले आणि बेरीज उरली.

मार्च २०१२ मध्ये आलेल्या मूळ शेवटात तीन पर्याय होते आणि त्यांची चित्रणे मुख्यतः रंगाने वेगळी होती. संतप्त रसिकांनी वर्गणी काढून बायोवेअरला सुमारे ४०० कपकेक पाठवले. वरचा थर तीन रंगांचा होता, चव एकच. समीक्षेचा इतका नेमका अभिप्राय क्वचितच वाचावयास मिळतो. जून २०१२ मध्ये संस्थेने शेवटाचा विस्तार विनामूल्य दिला. त्यात परिणामांचे चित्रण वाढवले आणि तिन्ही पर्याय नाकारण्याचा चौथा पर्यायही ठेवला.

यावर कलावंताच्या स्वायत्ततेचा कैवार घेणाऱ्यांनी रसिकांना हट्टी ग्राहक ठरवले. वाचकांच्या दबावाचा इतिहास जुनाच आहे. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये मारलेला होम्स १९०३ मध्ये परत आला. डिकन्सने ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट मित्राच्या सल्ल्याने बदलला. आपल्या संगीत रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ने नाटकाचा काळ थांबवला जाई, कथानक मात्र बदलत नसे. या उदाहरणांत रसिकाची मागणी संहितेबाहेरून आलेली आहे. ‘मास इफेक्ट’मधील मागणी संहितेच्या आतून आली. तीन खंड आणि पाच वर्षे ज्या रूपबंधाने ‘तुझे निर्णय लक्षात ठेवले जातील’ असे सांगितले, त्याच रूपबंधाला खेळणाऱ्याने त्याचा शब्द आठवून दिला. काहींना केवळ सुखान्त हवा होता हे खरे. ती मागणी समीक्षेने बाजूला ठेवावी. स्मरणाची मागणी बाजूला ठेवता येत नाही, कारण ती रूपाविषयीची मागणी आहे.

निर्मात्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. दोन-दोन पर्यायांचे केवळ दहा निर्णय घेतले तरी १०२४ स्थिती संभवतात. प्रत्येकीची स्वतंत्र कथा कोणीही लिहू शकत नाही. विसरणे अटळ आहे. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात रादुझ चिंचेराच्या ‘किनोऑटोमाट’ या चित्रपटात प्रेक्षक मते देऊन कथेची दिशा ठरवत, आणि सर्व वाटा एकाच शेवटाला मिळत. पण तेथे निवडीचे पोकळपण हाच उपहासाचा विषय होता. ‘मास इफेक्ट’ने ते पोकळपण झाकले. काय विसरायचे हे ठरवणे, आणि ते विसरणे अर्थपूर्ण करणे, हे या प्रकारातील लेखकाचे खरे काम आहे. २०११ साली दुसरा भाग प्लेस्टेशन ३ वर आला, तेव्हा पहिला भाग न खेळलेल्यांसाठी एका चित्रकथेतून त्यातील मोजके निर्णय काही मिनिटांत विचारून घेतले गेले. अनुभवावाचून घेतलेला तो निर्णय प्रश्नावलीतील खुणेहून अधिक काही नव्हता.

५

मराठी समीक्षेला या वादाशी कर्तव्य काय, असा प्रश्न येईल. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात उत्तर आधी ठरलेले नसे, आणि तमाशातील वग समोरच्या प्रेक्षकाप्रमाणे वळण घेई. अनिश्चित संहिता आपल्या परंपरेला परकी नाही. तिची मीमांसा तेवढी आपण फारशी केलेली नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा पुराणकथांवर उभा खेळ जगापुढे ठेवला. त्याची कथा एकाच वाटेने जाते, आणि तो निवडीचे वचन देत नाही म्हणून ते मोडतही नाही. उद्या आपल्याकडे असे वचन देणारी कृती निर्माण होईल, तेव्हा तिला किती पर्याय आहेत हे मोजत बसणे व्यर्थ ठरेल. खेळणाऱ्याने एका प्रसंगी जे केले, ते कृतीने पुढे कोठे, किती काळ आणि कोणाच्या चेहऱ्यावर जपले, हे विचारावे लागेल. त्यासाठी अनुतापाला रसचर्चेत जागा करून देणे हे पहिले काम आहे, आणि ते संगणकतज्ज्ञांचे नसून समीक्षकांचे आहे.