लघु ली-एनफील्ड रायफलीवरील दोन आक्षेप

इंग्रज सैन्याकरितां १९०२ च्या अखेरीस मंजूर झालेल्या लघु ली-एनफील्ड रायफलीवर दोन आक्षेप वारंवार घेतले गेले आहेत. पहिला, नळीच्या टोकापर्यंत नेलेलें लाकूड हें व्यर्थ ओझें आहे. दुसरा, मागली खाच व पुढची माशी यांतील अंतर फार थोडें आहे. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांतही ही रायफल तयार होत असे. म्हणून आपल्याकडील अभ्यासकांस हा वाद परका नाहीं.

पहिला आक्षेप टिकत नाहीं. पायदळाची ३०.२ इंच नळीची रायफल व घोडेस्वारांची आंखूड कार्बाइन यांच्या जागीं २५.२ इंच नळीचें एकच हत्यार आणावयाचें होतें. जलद गोळीबारांत नळी तापते. लाकडामुळें हात भाजत नाहीं व नळीवरील उष्ण हवेनें नेमाची रेषा फारशी थरथरत नाहीं. शिवाय १७ इंची पात्याची संगीन लाकडाच्या टोकावरील पोलादी टोपणास अडकत असल्यानें तिचा भार नळीवर पडत नसे.

दुसऱ्या आक्षेपांत तथ्य आहे. खाच व माशी यांत सुमारें १९॥ इंच अंतर असतां नेमांत एक शतांश इंचाची चूक झाल्यास १०० यार्डांवर गोळी सुमारें १.८ इंच चुकते. १९१४ च्या नमुन्याच्या रायफलींत हें अंतर ३१ इंचांहून अधिक असल्यानें तीच चूक सुमारें १.१ इंच होते. परंतु 'खाच मागें न्या' एवढा उपाय पुरेसा नव्हे. उघडी खाच डोळ्याजवळ आणिली कीं अंधुक दिसते. म्हणूनच ती नळीवर बसविली होती व तिच्यासाठीं वरचें लाकूड तोडून दोन तुकड्यांत करावें लागलें. मागें जावयाचें तर खाच सोडून छिद्र घ्यावें लागतें. १९१४ च्या नमुन्यांत तसेंच केलें. १९३९ मध्यें मंजूर झालेल्या चौथ्या क्रमांकाच्या रायफलींतही छिद्र आलें, आणि तींत नळीचें टोक लाकडाबाहेर निघून संगीन नळीसच अडकूं लागली. लाकडाची लांबी व नेमाची सोय हीं एकाच विचाराचीं दोन अंगें आहेत. आक्षेपकांनीं तीं वेगळीं तोलिलीं, हाच त्यांचा मुख्य दोष होय.

हा निष्कर्ष संग्राहकांच्या व्यवहाराचा आहे. शिकारीसाठीं हलकी करावी म्हणून अशा असंख्य रायफलींचें पुढचें लाकूड कापलें गेलें. १९१६ पूर्वीच्या अनेक रायफलींच्या लाकडास डाव्या बाजूस, पथकानें दूरवर एकदम मारा करण्याकरितां, निराळें नेमयंत्र असे; पुढें तें गाळलें गेलें. लाकूड गेलें कीं कालनिर्णयाची ही खूणही जाते. पोथीचे समास कापणाऱ्या बांधणाऱ्यानें टिपा नष्ट कराव्या, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून नोंद करितां लाकूड मूळचें, कापलेलें कीं मागाहून बसविलेलें, आणि खाचेवरील २०० ते २००० यार्डांचे आंकडे शाबूत आहेत कीं नाहींत, हें प्रथम लिहावें. नक्षीचें व ठशांचें वर्णन त्यानंतर यावें.